भिरभिरे मोठे करून पाहिले तेव्हा

काही वर्षांपूर्वी एका शाळेत सहावीच्या मुलांबरोबर आम्ही कागदी भिरभिरी करत होतो. कागदाची एक पट्टी, वरच्या अर्ध्या भागात उभी चीर, दोन पाती एकमेकींच्या विरुद्ध दिशांना दुमडलेली आणि खालच्या टोकाला कागदाला लावायची एक यू-क्लिप. एवढ्या साहित्यात होणारे हे खेळणे. उंचावरून सोडले की ते गरगर फिरत सावकाश खाली येते. वर्गातली सगळी भिरभिरी फिरू लागली. एका मुलीने मात्र आमच्या नमुन्याच्या तिप्पट लांबीचे, जाड पुठ्ठ्याचे भिरभिरे केले होते. ते धपकन खाली आले. आम्ही तिला म्हणालो, "माप चुकलं तुझं. दिलेल्या मापाचं पुन्हा कर." तिने निमूटपणे केले. ते छान फिरले. तास संपला.

परत येताना आमच्या लक्षात आले की त्या संपूर्ण तासात खरा प्रश्न एकाच मुलीने विचारला होता. तो तिने तोंडाने न विचारता हातांनी विचारला होता, एवढेच. 'खेळणे मोठे केले तर काय होईल?' असा तो प्रश्न होता आणि आम्ही तो 'माप चुकले' म्हणून खोडून टाकला होता. आमची चूक अधिकच बोचली, कारण हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील दोन भावांना पडला होता हे आम्हाला चांगले ठाऊक होते. खेळणेही जवळजवळ हेच होते. त्या खेळण्याची हकिगत शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून ती येथे सांगत आहोत.

काठी, पाती आणि दोरी

काठीच्या टोकाला पंख्यासारखी तिरकी पाती बसवायची, काठी दोन्ही तळहातांत धरून गर्रकन फिरवायची आणि सोडून द्यायची. पाती हवा खाली ढकलतात आणि काठीसकट वर जातात. जत्रेत आज हेच खेळणे प्लॅस्टिकचे मिळते. चीनमध्ये ते बांबूचे करत आणि त्याला 'बांबूचा चतुर' म्हणत. युरोपात त्याचाच एक भाऊबंद फार पूर्वीपासून होता. त्यात काठीला दोरी गुंडाळून ती झटक्याने ओढायची असे. सुमारे १३२५ सालच्या एका फ्लेमिश हस्तलिखितात अशा खेळण्याचे चित्र आहे. सुमारे १४६० सालच्या एका चित्रात तर मेरीच्या मांडीवरील बाळ येशूच्या हातात हे खेळणे आहे. म्हणजे ते त्या काळी घरोघरी ओळखीचे असले पाहिजे.

या खेळण्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. १७८३ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंचा गरम हवेचा फुगा माणसांना घेऊन उडाला आणि उड्डाणाचा विषय सगळ्यांच्या तोंडी झाला. पुढच्याच वर्षी लोनुआ आणि ब्याँव्हन्यू या दोघांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक यंत्र सादर केले. यंत्र कसले, खेळणेच ते! एका दांड्याच्या दोन्ही टोकांना पक्ष्यांची पिसे पंख्यासारखी खोचलेली होती आणि ती फिरवण्यासाठी मध्ये एक लहानसे धनुष्य होते. धनुष्याची दोरी दांड्याला गुंडाळून ताणली आणि सोडली, की दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट दिशांनी फिरत आणि खेळणे वर जाई. फुगा हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. हे खेळणे मात्र हवेपेक्षा जड असूनही केवळ स्वतःजवळच्या शक्तीवर वर जात होते.

इंग्लंडमध्ये जॉर्ज केली या तरुणाने १७९६ साली असेच खेळणे स्वतः तयार केले. दोन बुचे, प्रत्येक बुचात चार पिसे आणि देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्टीचे धनुष्य, इतकेच त्याचे साहित्य होते. पुढे हवाई उड्डाणाच्या शास्त्राचा पाया घालणारा म्हणून केली ओळखला गेला. १८०९ साली त्याने उड्डाणावरील आपल्या प्रसिद्ध लेखमालेचा पहिला भाग छापला. त्यात या खेळण्याची आकृती दिली आणि हे कोणालाही दहा मिनिटांच्या मेहनतीत करता येईल असेही सांगितले. त्यापुढचे त्याचे विधान आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पिसांच्या जागी एकूण दोनशे चौरस फुटांची मोठी पाती बसवली आणि ती पुरेशा शक्तीने फिरवली, तर असाच परिणाम मोठ्या प्रमाणावर मिळेल, असे तो म्हणतो. 'पुरेशा शक्तीने' हे शब्द वाचताना सहज नजरेआड होतात. पण सगळी मेख त्यांतच आहे. पुरेशी म्हणजे किती?

रबराचा पीळ

धनुष्याच्या खेळण्यात एक अडचण होती. दोरी सुटली की क्षणात सगळी शक्ती संपून जाई. ही अडचण आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने दूर केली. पेनोचा जन्म १८५० सालचा. त्याला आरमारात जायचे होते, पण कंबरेच्या सांध्याच्या दुखण्याने त्याला कुबड्या घ्याव्या लागल्या आणि तो मार्ग बंद झाला. १८७० साली त्याने खेळण्यात धनुष्याऐवजी पीळ दिलेले रबर वापरले. पीळ हळूहळू उलगडतो, त्यामुळे पंखा बराच वेळ फिरत राहतो. पुढच्या वर्षी, १८ ऑगस्ट १८७१ रोजी, त्याने रबरावर चालणारे विमानाचे छोटे प्रतिरूप पॅरिसच्या त्वीलरी बागेत जाणकारांसमोर उडवून दाखवले. त्याचे वजन अवघे १६ ग्रॅम होते. ते ११ सेकंदांत सुमारे ६० मीटर गेले.

पेनोने पुढे माणसांना नेणाऱ्या विमानाचा आराखडा केला आणि १८७६ साली त्याचे पेटंटही घेतले. पण पैसा उभा राहिला नाही, प्रकृती साथ देईना. १८८० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. त्याचे मोठे विमान कागदावरच राहिले. त्याचे रबरावर उडणारे खेळणे मात्र तोवर दुकानांतून विकले जाऊ लागले होते आणि अटलांटिकपलीकडे पोचले होते.

एक 'वटवाघूळ' घरी येते

१८७८ सालच्या शरद ऋतूच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्स या गावी, बिशप मिल्टन राइट एका संध्याकाळी घरी आले ते हातात काहीतरी लपवूनच. मुलांनी ते काय आहे हे पाहण्याच्या आत त्यांनी ते हवेत सोडले. ते खाली पडण्याऐवजी वर गेले, छताला टेकले, थोडा वेळ तेथेच फडफडले आणि मग जमिनीवर आले. बूच, बांबू, कागद आणि पिळाचे रबर यांचे ते पेनोच्या पद्धतीचे खेळणे होते. मुलांनी त्याचे नाव ठेवले 'वटवाघूळ'. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल सात वर्षांचा.

ही गोष्ट पुष्कळदा येथेच थांबवली जाते. वडिलांनी खेळणे आणले, मुलांना उडण्याचे वेड लागले आणि पंचवीस वर्षांनी विमान झाले! पण अशी खेळणी हजारो घरांत गेली असतील. त्या सगळ्या घरांतून विमाने निघाली नाहीत. मग या घरात वेगळे काय झाले, हे पाहायला हवे.

पहिली गोष्ट म्हणजे ते नाजूक खेळणे लवकरच मोडले आणि मुलांनी ते स्वतः करायला घेतले. या घरात हातांनी वस्तू करण्यात कमीपणा नव्हता. मुलांची आई सुसान ही बग्ग्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. ती मुलांसाठी खेळणी स्वतः बनवत असे. बर्फावरची घसरगाडीही तिने बनवून दिली होती. ऑर्व्हिलच्या शाळेतील बाईंनी पुढे एक आठवण सांगितली आहे. वर्गात तो बाकावर लाकडाचे तुकडे घेऊन काहीतरी जुळवत होता. काय करतोस, असे विचारल्यावर त्याने सांगितले की मी आणि माझा भाऊ एक दिवस ज्यावर बसून उडणार आहोत, त्या यंत्राची ही तयारी आहे. तासाला खेळत बसलेल्या मुलाचे आपण काय करतो, ते प्रत्येकाने स्वतःशी आठवावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भावांनी आधीच्याच मापाची नक्कल केली नाही. प्रत्येक नवे 'वटवाघूळ' ते आधीच्यापेक्षा मोठे करत गेले आणि त्यांना मोठाच धक्का बसला. जितके मोठे करावे, तितके ते कमी उडे! १९०८ साली एका मासिकात लिहिलेल्या लेखात दोघा भावांनी हे स्वतःच नमूद केले आहे. लांबी-रुंदी दुप्पट केली तर शक्ती आठपट लागते हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते, असे ते लिहितात. शेवटी निराश होऊन त्यांनी तो नाद सोडला आणि ते पतंगांकडे वळले. पतंगात ते गावातले वाकबगार समजले जात. पण वय वाढल्यावर तेही सुटले, कारण एवढ्या मोठ्या मुलांना पतंग उडवणे शोभत नाही, असा समज होता.

येथे थांबून विचार करावासा वाटतो. आकार वाढला की वजन आणि क्षेत्रफळ एकाच प्रमाणात वाढत नाहीत, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात हाडांचे उदाहरण घेऊन स्पष्ट केले होते. म्हणजे राइट बंधूंच्या प्रश्नाचे मूळ उत्तर त्याआधी दोनशे चाळीस वर्षे छापील स्वरूपात होते. मुलांच्या हातात प्रश्न होता, ग्रंथालयात उत्तर होते, पण दोघांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते. शिक्षकाची जागा नेमकी तेथे आहे.

दुप्पट, चौपट, आठपट

ही गाठ वर्गात कशी घालता येईल? त्यासाठी तीन भिरभिरी पुरतात.

पहिले भिरभिरे लहान करा. साध्या कागदाची १४ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. वरच्या कडेपासून मधोमध ६ सेंटिमीटर उभी चीर द्या. वरून ७ सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंनी १-१ सेंटिमीटरचा आडवा काप द्या. कापाखालच्या दोन्ही बाजू आत दुमडल्या की २ सेंटिमीटर रुंदीचा दांडा तयार होतो. दांड्याच्या टोकाला एक यू-क्लिप लावा. वरची दोन पाती एक पुढे आणि एक मागे अशी दुमडा.

दुसरे भिरभिरे सगळ्याच बाबतीत दुप्पट. पट्टी २८ बाय ८ सेंटिमीटर, चीर १२ सेंटिमीटर, आडवे काप वरून १४ सेंटिमीटरवर आणि २-२ सेंटिमीटरचे. जाडीही दुप्पट हवी, म्हणून दोन कागद एकमेकांवर चिकटवून घ्या. क्लिपा मात्र आठ लावायच्या. का, ते मुलांनीच शोधावे. दुप्पट लांबी, दुप्पट रुंदी आणि दुप्पट जाडी म्हणजे वजन २ × २ × २, आठपट. मग क्लिपांचे वजनही त्याच हिशेबाने वाढायला हवे.

तिसरे भिरभिरे दुसऱ्याच मापाचे, पण एकाच कागदाचे आणि चार क्लिपांचे. म्हणजे क्षेत्रफळ चौपट आणि वजनही चौपटच.

तिन्ही भिरभिरी एकाच उंचीवरून, शक्य तर पहिल्या मजल्यावरून, सोडा. वारा नसावा. प्रत्येकाचा खाली यायचा वेळ पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढा. दुसरे भिरभिरे पहिल्यापेक्षा लवकर खाली येईल. तिसरे मात्र मोठे असूनही पहिल्याच्या जवळपास वेळ घेईल. म्हणजे दोष मोठेपणाचा नाही. वजन आठपट झाले आणि हवेला अडवणारे क्षेत्र चौपटच राहिले, हा खरा दोष आहे.

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना याच्या पुढे नेता येईल. पडण्याचा वेग हा वजन भागिले क्षेत्रफळ याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दुसऱ्या भिरभिऱ्याचे वजन ८ पट आणि क्षेत्रफळ ४ पट, म्हणून भागाकार २ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १.४. वेग १.४ पट म्हणजे वेळ सुमारे ०.७ पट. कागद वाकतो, क्लिपा सारख्या नसतात, म्हणून उत्तर तंतोतंत येणार नाही. पण आसपास नक्की येईल.

आता राइट बंधूंच्या 'वटवाघळा'कडे वळू. ते हवेत टिकायचे तर पंख्याने हवा सतत खाली ढकलायला हवी. ही हवा किती वेगाने ढकलावी लागते, त्याचा नियमही वरच्यासारखाच आहे. म्हणून दुप्पट मापाच्या 'वटवाघळा'ला हवा १.४ पट वेगाने ढकलावी लागेल. लागणारी शक्ती म्हणजे वजन गुणिले हा वेग, म्हणजेच ८ × १.४, सुमारे ११ पट. राइट बंधूंनी आठपट म्हटले आहे. या हिशेबाने ती त्याहूनही थोडी जास्त भरते. रबरसुद्धा सर्व बाजूंनी दुप्पट घेतले तर त्यात साठणारी ऊर्जा आठपटच होते. आठपट पुंजी आणि अकरापट खर्च! उडण्याचा वेळ घटणारच. दोन मुलांना निराश करणारे कोडे ते हेच.

पुन्हा पतंगाकडे

१८९६ साली जर्मनीत ओटो लिलिएन्टाल हा ग्लायडरवरून उडणारा संशोधक अपघातात गेला. ती बातमी वाचून राइट बंधूंचे जुने वेड पुन्हा जागे झाले. तेव्हा ते डेटन गावी सायकलींचा व्यवसाय करत होते. ३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणावरची पुस्तके आणि लेख मागवले. आपली ओळख करून देताना त्याने पदवी सांगितली नाही, कारण ती नव्हतीच. केली आणि पेनो यांच्या यंत्रांसारखी लहानमोठी 'वटवाघळे' मी लहानपणी केली आहेत आणि तेव्हापासून मला या विषयात रस आहे, असे त्याने लिहिले. खेळण्याचे महत्त्व सांगणारी ही आठवण कीर्ती मिळाल्यानंतरची नाही. विमान व्हायच्या चार वर्षे आधीची ती लेखी नोंद आहे.

त्याच वर्षी दुकानात सायकलच्या ट्यूबचे रिकामे खोके हातात पिळता पिळता विल्बरला विमानाचा तोल सांभाळण्याची युक्ती सुचली. पंखांची टोके अशीच विरुद्ध दिशांना पिळता येतील असे त्याला वाटले आणि ते तपासायला त्याने पाच फुटांचा पतंग बनवून उडवला. बत्तीस वर्षांचा माणूस पुन्हा पतंग उडवत होता! १९०१ साली मोठ्या ग्लायडरने अपेक्षाभंग केला तेव्हा दोघांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी करून तिच्यात वारा सोडला आणि पत्र्याच्या लहान लहान पंखांची चाचणी घेतली. त्यासाठीचे तराजू त्यांनी करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार यांपासून घरीच बनवले. लहान प्रतिरूपावर मोजलेली कोणती गोष्ट मोठ्या यंत्राला लागू पडते आणि कोणती पडत नाही, हे आता त्यांना कळत होते.

याचा पुरावा त्यांच्या इंजिनाच्या गोष्टीत सापडतो. विमान बांधायच्या आधीच हिशेब करून त्यांनी कारखान्यांकडे आठ-नऊ अश्वशक्तीच्या हलक्या इंजिनाची चौकशी केली. ते मिळेना, तेव्हा त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन तेथेच बनवले. मोठे करून पाहू आणि उडते का ते बघू, हा लहानपणीचा प्रकार राहिला नव्हता. 'पुरेशी शक्ती म्हणजे किती', या केलीने मोकळ्या ठेवलेल्या प्रश्नाला आता आकडा मिळाला होता.

१७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण १२ सेकंदांचे झाले आणि अंतर होते १२० फूट, म्हणजे साधारण ३७ मीटर. पेनोचे १६ ग्रॅमचे प्रतिरूप ११ सेकंदांत ६० मीटर गेले होते! खेळण्याहून एकच सेकंद जास्त आणि अंतर तर कमीच. पण या वेळी यंत्रावर माणूस होता.

आपल्याकडे

खेळणी करता करता विज्ञान शिकवण्याचा मोठा प्रयत्न आपल्या देशातही झाला आहे. मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे वाढत जाऊन २००२ पर्यंत चालला. पुण्यातील एका मोटार कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा काढून तेथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन अशा आकृत्या करून दाखवल्या. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी मुलांकडून करवून घेतली. डेटनमध्ये सायकलच्या ट्यूबचे खोके होते, इकडे तिचा व्हॉल्व्ह. स्वस्त वस्तूचा मोठा गुण असा की ती मोडली तरी कोणी रागावत नाही. म्हणून मूल ती बदलून पाहायला धजते.

आमच्या त्या तासात नेमके हेच हरवले होते. साहित्य स्वस्त होते, पण माप आम्ही पवित्र करून ठेवले होते. दिलेल्या मापाने केलेले खेळणे उडाले की मुलाला आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण तेवढ्यावर थांबले तर हाताने केलेले खेळणे आणि विकत आणलेले खेळणे यांत फारसा फरक उरत नाही.

आता आम्ही भिरभिऱ्याचा तास दोन भागांत घेतो. पहिल्या भागात सगळ्यांनी एकाच मापाचे भिरभिरे करायचे. दुसऱ्या भागात प्रत्येकाने एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते वहीत लिहायचे. ज्यांची भिरभिरी धपकन पडतात, त्यांना आम्ही पुढे बोलावतो आणि त्यांच्यापासून चर्चा सुरू करतो. त्या मुलीची मात्र पुन्हा भेट झाली नाही. तिचे पुठ्ठ्याचे भिरभिरे त्या दिवशी टेबलाखालीच पडून राहिले होते. ते उचलून आम्ही वर्गाला एवढेच विचारायला हवे होते, "हे का पडलं असेल?"